डाव्या खुब्यातले एकोणीस टक्के

द्वारका कुठेही उभी राहिली की तिचा डावा खुबा आपोआप बाहेर यायचा. एसटीच्या थांब्यावर, देवळात आरतीला, रेशनच्या रांगेत, कुठेही. काजूच्या कारखान्यातल्या बाया तिला त्यावरून पस्तीस वर्षं चिडवत आल्या. "कोणाक घेतलंस गो कडेर?" असं कुणी विचारलं की द्वारका मान वर न करता म्हणायची, "तुझ्या घोवाक. खाली ठेवलंय तर पळान जातलो." मग बिया फोडायच्या त्या लांबलचक शेडमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत हसू पसरत जायचं.

तेव्हा बिया माणसं फोडत. पुढ्यात लोखंडी यंत्र, खाली पायटा. उजव्या पायाने पायटा दाबला की दोन पाती बीवर येऊन बसायची, हाताने दांडा फिरवला की टरफल उकलायचं आणि आतला काजूगर अख्खा बाहेर यायचा. दिवसाकाठी पाच-सहा हजार वेळा. टरफलाच्या तेलाने हात काळे पडत म्हणून बाया राख चोळून बसत. आता ते सगळं काम दोन हातांचं एक मुकं यंत्र करतं आणि त्याला राख लागत नाही.

द्वारका सदुसष्ट वर्षांची झाली तोवर तिच्या दोन्ही खुब्यांनी संप पुकारला होता. तिचं घर वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका गावात डोंगराच्या उतारावर होतं आणि रस्त्यापासून घरापर्यंत चिऱ्यांच्या बासष्ट पायऱ्या होत्या. नवरा भिकाजी जाऊन अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. होती ती एक धाकटी बहीण, शैला. ती कुडाळला मुख्याध्यापिका होती आणि तिथेच निवृत्त होऊन लिफ्ट असलेल्या इमारतीत राहत होती.

"आका, माझ्याकडे ये," शैला दर आठवड्याला म्हणायची. "लिफ्ट आसा. बटण दाबलंस की झाला."

"आणि माझी अंगणातली अबोली? तिका कोण बटण दाबतला?"

यावर तोडगा एकच होता, चालपट्टा. कमरेला आणि मांड्यांना बांधायचा हलका पट्टा. त्यातल्या बारीक मोटारी पाऊल उचलायच्या आधीच ओळखतात, की आता वजन कुठल्या खुब्यावर येणार, आणि ते वजन स्वतः झेलतात. शेजारच्या गावची एक म्हातारी तो बांधून डोंगरावरच्या देवळात जाऊन आली होती आणि वर जाऊन तिने प्रसादाच्या रांगेत भांडणही केलं होतं. पट्टा विकत घेणं द्वारकेच्या आवाक्यातलं नव्हतं. सरकारी सहाय्यातून मात्र तो मिळत असे, आणि तिथेच सगळी गाठ होती.

पूर्वीच्या माणसांना आठवत असेल. कामावर अपंगत्व आलं तर भरपाई एका कचेरीतून मिळे आणि एरवीच्या अपंगत्वाचं निवृत्तिवेतन दुसऱ्या कचेरीतून. एक घेतलं की दुसरं कापलं जाई. बहुतेकांचं दुखणं सरमिसळ असायचं. थोडं कामाने, थोडं वयाने, थोडं साखरेने. मग एक साहेब म्हणे, हे कामामुळे झालंय, तिकडे जा. तिकडचा म्हणे, हे वयामुळे, इकडे जा. एकत्रित सहाय्य कायद्याने ही दोन दारं एकमेकांत उघडली. ज्याच्यामुळे जेवढं दुखणं, त्याने तेवढं द्यावं, आणि माणसाला सगळं एका जागी मिळावं. पण कोणाचं किती, हे सांगणार कोण? कुठल्याही डॉक्टरला ते नेमकं सांगता येत नव्हतं. ते अस्थिवाचक नावाच्या यंत्राला सांगता येऊ लागलं.

शैलाने अर्ज भरला, तारीख घेतली, आणि एका बुधवारी सकाळी द्वारकेला कुडाळच्या केंद्रात नेलं. शेजारच्या दोन माणसांनी तिला खुर्चीत बसवून बासष्ट पायऱ्या खाली आणलं. उतरताना द्वारकेने डोळे मिटून घेतले होते. देवाला नेतात तसं आपल्याला नेताहेत, असं तिला वाटलं आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

केंद्रातली तपासणी अधिकारी आफरीन मुजावर ही तिशीतली मुलगी होती. तिने द्वारकेला डोणीसारख्या एका खोलगट पलंगावर निजवलं.

"आजी, चाळीस मिनिटं हलायचं नाही हं. दुखणार काही नाही."

"बाय, मी हलूक शकलंय असतंय तर हय येतंय कशाक?"

आफरीन हसली आणि यंत्र सुरू करता करता समजावू लागली. समोरच्या माणसाला कळलं पाहिजे, अशी तिला तळमळ होती.

"हाड म्हणजे वाळकं लाकूड नसतं, आजी. ते जिवंत असतं. ज्या बाजूने भार येतो त्या बाजूला ते आपले आतले धागे वळवून घेतं, तिथे जाड होतं. मोठेपणी आलेल्या भाराने झीज होते. पण वाढीच्या वयात भार आला, तर हाडाचा आकारच तसा घडतो आणि तो कायम राहतो."

"आणि कधी आला ता कसा कळता?" द्वारकेने छताकडे बघतच विचारलं.

"पाण्यावरून. प्रत्येक विहिरीच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम म्हणून एक धातू अगदी कणभर विरघळलेला असतो. जसा खडक, तसा त्याचा प्रकार. आपण जे पाणी पितो त्यातला तो हाडात जाऊन बसतो. शिवाय थराथरात कार्बन असतो, त्यावरून साल काढता येतं. जमीन सारवतो ना आपण? वरून नवा हात फिरवला तरी खालच्या थरात जुन्या बोटांचे वळसे तसेच असतात. हे यंत्र एकेक थर उकलून ते वळसे वाचतं."

पडल्या पडल्या तिचा डावा हात खुब्याकडे गेला.

"हात सरळ, आजी."

तासाभराने भिंतीवर तिची कंबर दिसू लागली, तीन रंगांत. आफरीनने पेन्सिलीने दाखवलं. "हा उजवा खुबा आणि गुडघा, लाल. पायट्याचं काम. चव्वेचाळीस टक्के, हे कामगार भरपाईतून. हा पिवळा म्हणजे वय आणि साखर. सदतीस टक्के, हे दिव्यांग सहाय्यातून. आणि हा डावा खुबा…" ती थांबली. "हा निळा. एकोणीस टक्के. याचं कारण मला सापडत नाहीये. दुखण्याचे शंभर टक्के नीट लागल्याशिवाय दोन योजना जुळत नाहीत. कोणी किती द्यायचं तेच ठरत नाही."

"नाही जुळल्या तर?" शैलाने विचारलं.

"तर दोन्हींतली एक निवडायची. पण एकट्या कुठल्याच योजनेत चालपट्टा बसत नाही, मॅडम."

तो निळा डाग कसला, हे द्वारकेला बघताक्षणी कळलं होतं. ते सरकारी भिंतीवर उमटावं असं तिला वाटत नव्हतं, आणि शेजारी बसलेल्या शैलाला तर ते कळताच कामा नये होतं.

"पाणी," ती घाईने म्हणाली. "ल्हानपणी पाणी नाय भरूक? कळशी कडेर घेवनच तर भरलाव. लिव, बाय. कळशी."

आफरीनने पडद्याला काहीतरी विचारलं, मग संकोचून मान हलवली. "कळशी नाही, आजी. कळशीचं वजन आज जेवढं, उद्याही तेवढंच. हे वजन वाढत गेलंय. सुरुवातीला चार किलोच्या आत-बाहेर, वर्षाने आठ, शेवटी तेरा. रोज सहा-सात तास. तुमच्या वयाच्या आठव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत." तिने पडदा जवळ ओढला. "आणि ते हलत होतं. धक्के आहेत बारीक बारीक."

द्वारकेने नजर पंख्याकडे वळवली.

"भोपळो आसतलो," द्वारका म्हणाली.

"भोपळा लाथा मारता, आका?" शैलाने विचारलं.

शैलाने छत्तीस वर्षं गणित शिकवलं होतं. दोघींच्या वयात आठ वर्षांचं अंतर. तिला बोटंही मोजावी लागली नाहीत.

ती उठून बाहेर गेली. आफरीनने द्वारकेची चाकांची खुर्ची ढकलत मागच्या अंगणात नेली. तिथे फणसाखाली बाकडं होतं. शैला त्यावर बसली होती. चष्मा काढून पदराने पुसत होती, आणि काच तर केव्हाच स्वच्छ झाली होती.

"माका खाली ठेवूक काय झाला होता?" तिने वर न बघता विचारलं. "चार-चार वर्षां कोण कडेर घेता? पोरां रांगतत, चलतत. माका जमीन नव्हती?"

द्वारकेने फणसाकडे बघितलं. साठ वर्षं झाकून ठेवलेल्या भांड्यावरचं झाकण काढताना हात जड होतो.

"भागीरथी सुईण," ती शेवटी म्हणाली. "तिना तुका न्हाऊ घालताना पाय फाकवून बघल्यान. तुझो डावो पाय खुब्यात ढिलो. टक करून आवाज येय. ती आवशीक म्हणाली, ह्या चेडू जमनीर चालला तर जन्माचा लंगडा होतला. पाय फाकवून कडेर ठेवा, जेवढा जमात तेवढा. हाड आपसून बसतला. दवाखानो नऊ मैलार. आवस चिऱ्याच्या खाणीर. मग घरात आणखी कोण होता?"

"तू होतंस."

"मी होतंय."

शैलाने चष्मा मिटून हातात धरला. मग तिचा आवाज बदलला, वर्गात एखादी चोरी पकडल्यावर यायचा तसा. "आणि शाळा?"

द्वारका खुर्चीत चुळबुळली.

"तिसरीत शाळा सोडलंस तू. आठव्या वर्षी. माका शाळा कधी आवडलीच नाय, मास्तर छड्यो मारी, म्हणान पळालंय, असा सांगलंस माका. जन्मभर सांगलंस."

"छडी मारी तो. त्यात खोटा काय?"

"आका!" शैला उभी राहिली. "दरवर्षी जूनमध्ये पहिल्या दिवशी मी मुलांना काय सांगायची, ठाऊक आहे तुला?" रागावली की ती नकळत शाळेतल्या भाषेत बोलायची. "माझी बहीण शाळेतून पळाली आणि जन्मभर बिया फोडत राहिली, तुम्ही पळू नका. छत्तीस वर्षं! सगळे हसायचे. मीही हसायची. तू एकदा बक्षीस समारंभाला आली होतीस तेव्हा मी तुझ्यासमोर सांगितलं आणि तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास."

"बरा बोललंस तू त्या दिवशी. साडी पण चांगली होती तुझी, ती मोरपिशी."

शैलाला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ जे यायचं तेही आलं. द्वारकेने हात पुढे केला, पण खुर्चीतून तो तिच्या कोपरापर्यंतच पोचला.

द्वारकेला ते दिवस आठवत होते. घराच्या मागच्या पेळेवर, त्या दगडी बैठकीवर, बसलं की समोरच्या शाळेतले पाढे ऐकू येत. कडेवर शैला, हातात विळा नाहीतर झाडू. बे एके बे ऐकता ऐकता ती त्याच तालावर पोरीला झुलवायची. शैला तिच्या गळ्यातली काळी पोत दोन दातांनी चावायची. चौथ्या वर्षी एका सकाळी शैला कडेवरून घसरून खाली उतरली आणि अंगणातून धावत सुटली, सरळ, दोन्ही पाय सारखे टाकत. आई त्या दिवशी खाणीवर उशिरा गेली. आणि द्वारका तिथेच उभी राहिली होती, एक खुबा बाहेर काढून, कारण तिला दुसरं कसं उभं राहायचं ते आठवेना.

"आता आत चल," शैला डोळे पुसत म्हणाली. "सगळा लिवया."

"नाय."

"आका, पट्टो मिळूचो नाय."

"न मिळांदे. त्या फॉर्मात मी बघलंय काय लिवलाहा ता. 'भाराचे स्वरूप.' सरकारी कागदार माझ्या भयणीचा नाव भार म्हणान मी लिवूचंय नाय. पोराक कोण भार म्हणता? आवशीन पण कधी म्हटल्यान नाय."

"मग काय बासष्ट पायऱ्यांखाली बसान ऱ्हवतलंस?"

"तुझ्या लिफ्टीत येतंय. बटण दाबतंय. पण ता लिवूचा नाय."

आपल्या घरासाठी इतकी वर्षं हटून बसलेली ही बाई एका शब्दासाठी घर सोडायला निघाली होती. शैला परत बाकड्यावर बसली. दाराशी उभ्या असलेल्या आफरीनने मात्र सगळं ऐकलं होतं. ती हळूच पुढे आली.

"एक वाट आहे," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी कायद्यात एक कलम आलंय. घरातलं बिनपगारी काम हेसुद्धा काम धरायचं. अजून कुणी फारसं वापरलेलं नाही, कारण पुरावा हाडातलाच लागतो, नुसतं तोंडी चालत नाही. आणि ज्या माणसाला त्या कामाचा फायदा झाला, तो सापडावा लागतो." तिने शैलाकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही त्या पलंगावर झोपाल का?"

शैला चाळीस मिनिटं डोणीत पडून राहिली. बाहेर खुर्चीत द्वारकेचे ओठ हलत होते. लहानपणी शैलाला ताप आला की ती असेच पाढे म्हणायची.

मग भिंतीवर दोन कंबरा शेजारी शेजारी आल्या. शैलाच्या डाव्या खुब्याच्या वाटीत सगळ्यात आतला थर उथळ होता, एखाद्या बशीसारखा. त्यावर वर्षावर्षाने थर चढत गेला होता आणि चौथ्या वर्षापाशी ती बशी पुरती वाटी झाली होती. दोघींच्या त्या थरांत एकाच विहिरीचं पाणी होतं. आफरीनने शैलाची त्या वयातली प्रतिमा उचलून द्वारकेच्या डाव्या बाजूला सरकवली. मोठीचा खुबा जिथे बाहेर वाकला होता, तिथे धाकटीचे फाकलेले पाय नेमके बसले.

"प्लॅस्टरने जे करतात तेच झालंय," आफरीन म्हणाली. "चार वर्षांचं जिवंत प्लॅस्टर."

द्वारका भिंतीकडे बघत होती. "दाखव गो परत," ती म्हणाली. "तो पाय आता बरो बसलो मा?"

"घट्ट बसलाय, आजी."

"मग झाला तर."

आफरीनने फॉर्म उघडला. "कलमाप्रमाणे हा एकोणीस टक्क्यांचा वाटा लाभ घेणाऱ्या व्यक्तीने उचलायचा असतो. मॅडम, तुमच्या निवृत्तिवेतनातून दरमहा कापला जाईल, आजी असेपर्यंत. विचार करून सही करा."

"चेडवाकडसून पैसे घेव मी?" द्वारका खुर्चीतून उठायलाच निघाली. "बाय, बंद कर ता. राखल्याचे पैसे घेतत ती दुसरी माणसां!"

"आका, गप बस. तेरा किलो होतंय मी शेवटी. फुकट बसलंय काय?" शैलाने चष्मा लावला आणि अंगठा टेकवायच्या जागेवर टेकवला. "लिहा. मालकाचं नाव, शैला. कामावर ठेवलं तेव्हाचं वय," तिने क्षणभर थांबून मोठीकडे बघितलं, "सव्वा महिना."

"तेवाच हुकूम सोडी होता," द्वारका आफरीनला म्हणाली. "जरा बसलंय की भोंगो."

आफरीन हसत हसत टिपत होती. पुढच्या रकान्याशी ती थांबली. तो वगळता येत नव्हता आणि त्याचं नावही बदलता येत नव्हतं. भाराचे स्वरूप. शैलाने काही सुचवायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो रकाना तिचा नव्हता.

"आजी, इथे तुम्ही सांगाल तेच लिहिते. एका शब्दात."

द्वारकेने विचार केला. बाहेर फणसाचं एक पान गळून बाकड्यावर पडलं. मग तिला मागची पेळ, समोरचे पाढे, दुपारभर दुसरं कुणी नसलेलं घर आणि मानेशी येणारा दुधाचा वास असं सगळं एकदम आठवलं.

"सोबत," ती म्हणाली.

आफरीनने तो शब्द टाइप केला. पडदा क्षणभर थांबला, शंभर टक्के पुरे झाले आणि दोन योजना एकीत एक बसल्या.

पट्टा तीन आठवड्यांनी आला. शैला तो घेऊन गावी गेली आणि आठ दिवस राहिली. पहिल्या दिवशी द्वारका वीस पायऱ्या उतरली, चौथ्या दिवशी सगळ्या. मोटारींचा आवाज माशीच्या गुणगुणण्याएवढा यायचा आणि द्वारका त्याला "भिकाजी" म्हणायची, कारण तोही असाच पुटपुटत मागून यायचा.

शैला निघाली त्या सकाळी द्वारका तिला पोचवायला स्वतःच्या पायांनी खाली थांब्यावर आली. वाटेत पाचदा तिने शैलाचा हात झटकला. एसटीला वेळ होता. दोघी उभ्या राहिल्या. पट्ट्याने आता सगळा भार झेलला होता, सरळ उभं राहायला काहीच आडकाठी नव्हती, तरी द्वारकेचा डावा खुबा हळूहळू बाहेर आला.

पट्टा कुरकुरला. शैलाने खाली बघितलं.

इतकी वर्षं ती बहिणीच्या उजवीकडून चालत आली होती. ती वळसा घालून डावीकडे गेली आणि त्या बाहेर आलेल्या खुब्याला आपली कंबर टेकवून उभी राहिली. द्वारकेने तिच्याकडे बघितलं नाही. रस्त्याकडे बघतच तिने डावा हात शैलाच्या कमरेमागून घातला आणि बोटं घट्ट केली, घसरू नये म्हणून.

"जड झालंस गो," ती म्हणाली.